गोगलगायीच्या पाठीवरचं ऊन

आयुष्यात मी एकच गोष्ट अंदाजाने केली, ती म्हणजे लग्न. बाकी सगळं मोजून!

यात फुशारकी नाही, माझं कामच ते आहे. मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. दुकानातले तराजू, दवाखान्यातले थर्मामीटर, पेट्रोलपंपावरची मापं, सगळी आधी माझ्या टेबलावर येऊन परीक्षा देतात आणि मगच उजळ माथ्याने जगात वावरतात. त्यामुळे आमच्या जुन्या कॅम्परव्हॅनवर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा मी घरच्यांना शांतपणे सांगून टाकलं, "कोणी डोकं चालवू नका. मी लिहून देईन तेवढंच करा."

पुढचं सगळं या एका वाक्यामुळे झालं. पण ते मला कळायला सोलर बसल्यावर पाच दिवस लागले.

व्हॅन माझ्या मामाची. वय बावीस. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्याने ती आम्हाला दिली. आम्ही तिला गोगलगाय म्हणतो, कारण घर पाठीवर घेऊन फिरते आणि चढावर वेगही तोच! आत दोन पलंग, एक घडीचं टेबल, हात धुण्यापुरतं बेसिन आणि विजेच्या नावाने एक दिवा. तोही इंजिन चालू असेल तर पेटायचा आणि वळणावर डोळा मारायचा.

तर या गोगलगायीतून सासूबाईंना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचं होतं. दोन दिवसांचा रस्ता. दोघी बहिणींची सहा वर्षांत भेट नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, चौऱ्याहत्तरच्या. मावशी ऐंशीच्या पुढच्या. आईंना इन्सुलिन लागतं. सहा वर्षांपूर्वी निघाल्या होत्या, तेव्हा वाटेतल्या हॉटेलच्या फ्रिजने त्यांच्या औषधाचा बर्फ करून ठेवला आणि अर्ध्या रस्त्यातून परत यावं लागलं. तेव्हापासून आईंचा एकच घोषा होता, "माझं औषध आणि मी, दोघी घरातच बऱ्या."

धाकट्या दिरांकडे मात्र उत्तर तयार होतं. त्यांची नवी गाडी!

"वहिनी, सरळ विमानतळावर सोडतो, सकाळच्या विमानाने आई जाईल, मीही जातो बरोबर, संध्याकाळी परत. औषधाचा प्रश्नच नाही."

"संध्याकाळी परत?" आई म्हणाल्या. "सहा वर्षांनी भेटायचं आणि चहा पिऊन यायचं? मी बहिणीकडे चाललेय की दाताच्या डॉक्टरकडे?"

शेवटी भाऊजींनी अट घातली. शनिवारी संध्याकाळी ते येणार, व्हॅनमधल्या फ्रिजचं तापमान स्वतः बघणार. सगळा आठवडा फ्रिज सूर्यावर नीट चालला असेल, तर रविवारी गोगलगायीतून निघायचं आणि चार दिवस राहायचं. नसेल, तर विमान आणि चहा.

"चालेल," मी म्हटलं. मोजमापाच्या मैदानात मला कोणी आव्हान दिलं, की मला आतून गुदगुल्या होतात.

सर्वांत आधी मी वीजवापराचा तक्ता केला. वस्तू, वॅट, तास. प्रत्येकाने आपापली गरज लिहायची.

"माझं काही नाही गं," आई म्हणाल्या. "मला काय लागतं! औषधापुरता फ्रिज. एक चिमुकला पंखा. आणि रेडिओ. तो काही विजेवर नाही चालत."

"मग कशावर चालतो?"

"पिन लावली की चालतो."

"बरं. रोज किती वेळ ऐकता?"

"थोडा वेळ."

'थोडा वेळ' हे एकक माझ्या तक्त्यात बसेना. म्हणून मी तीन दिवस घड्याळ लावून रेडिओ मोजला. थोडा वेळ म्हणजे तीन तास दहा मिनिटं! त्यातले दोन तास आई गाढ झोपेत होत्या, पण बटणाला हात लावला की डोळे मिटूनच, "ऐकतेय मी!"

नवरा घरी बसून भाषांतराची कामं करतो. त्याने लॅपटॉपचे चार तास लिहिले. खरे दोनच. मी अर्धे कापते हे त्याला माहीत होतं, म्हणून दुप्पट लिहिले. त्याला हे माहीत आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी चारातले तीन कापले. मग त्याने कॉफीचं यंत्र लिहिलं.

"साडेतेराशे वॅट!" मी ओरडले. मी ओरडणं म्हणजे इतर लोकांचं नेहमीचं बोलणं, पण घरात त्याची दखल घेतात. "तुझ्या एका कपाच्या विजेत आईंचा फ्रिज साडेतीन तास चालेल."

"म्हणजे मी रोज आईच्या औषधावर टपून बसलेला राक्षस झालो की!"

"मी फक्त आकडा सांगितला."

"तू नेहमी फक्त आकडाच सांगतेस. बाकीचं मलाच ऐकू येतं." त्याने कॉफीवर काट मारली. साधी गाळणी घ्यायचं ठरलं.

मग मी पॅनेलच्या मापाचे दोन पुठ्ठे कापले, व्हॅनच्या टपावर ठेवले आणि एक अख्खी सुट्टी दर तासाला शिडी चढून सावल्या टिपल्या. आमच्या अंगणात सकाळी पावणेनऊ ते दुपारी सव्वातीन ऊन. सव्वातीनला समोरच्या इमारतीची सावली टपावर चढते. या उन्हात दोन पॅनेल, एक बॅटरी, मध्ये एक नियंत्रक. सगळं मिळून रोजची गरज भागून वर चौथा हिस्सा शिल्लक! चार माहितीपुस्तकं मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. नियंत्रकाच्या पुस्तकात एक आलेख उलटा छापला होता. तोही कंपनीला कळवला.

रविवारी फ्यूजकाका बसवायला आले. ते आमचे जुने वायरमन. वर्षानुवर्षं सगळ्या बिल्डिंगचे फ्यूज त्यांनीच बदलले, म्हणून हे नाव.

"ताई," टपावरून ते म्हणाले, "तीस वर्षं वायरी ओढतोय. पण स्क्रूबरोबर कोनमापक हातात देणारं गिऱ्हाईक पहिलंच."

"दोन अंश डावीकडे, काका."

"घ्या दोन अंश!"

संध्याकाळी काम संपलं आणि फ्रिजने हलकेच घरघर सुरू केली. त्या आवाजाने मला जो आनंद झाला, तो मी कोणाला सांगितला नाही, फक्त फ्रिजपाशी वीस मिनिटं उभी राहिले. मग सहा नियमांचा कागद लिहून व्हॅनच्या दारावर चिकटवला. त्यातला चौथा नियम लाल शाईत. 'पॅनेलवर धूळ बसता कामा नये. धुळीने वीज कमी होते.' कारण रस्त्यापलीकडे सुताराचा कारखाना आहे आणि दिवसभर तिथून भुसा उडतो. आईंनी चष्मा लावून सगळा कागद वाचला. चौथा नियम दोनदा.

सोमवार उत्तम. मंगळवार अतिउत्तम! आठवडाभर प्रवासात असल्यासारखं सगळं चालू ठेवायचं ठरलं होतं. फ्रिज, पंखा, झोपलेला रेडिओ. तरी मंगळवारी दुपारी बॅटरी शंभर टक्के. नियंत्रक दर दहा मिनिटांनी माझ्या फोनवर आकडा पाठवायचा आणि मी प्रयोगशाळेत बसून, एका डोळ्याने तराजू आणि एका डोळ्याने सूर्य, असं दुहेरी काम करायची. संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं, "बॅटरी पूर्ण भरली!" आलेख घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. डोंगरासारखा सुंदर, गुळगुळीत आलेख. भाऊजींचं उत्तर आलं, 'छान. विमानात औषध न्यायला बर्फाचा डबा धुवून ठेवलाय.'

बुधवारी मी पावणेनऊला घर सोडलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी आलेख जमिनीवर आडवा झाला.

आकाशात ढगाचा ठिपका नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीतून ऊन माझ्या मानेला चटके देत होतं आणि फोन सांगत होता, शून्य. दहा मिनिटांनी, शून्य. दिवसभर शून्य! संध्याकाळी घरी आल्याबरोबर शिडी लावून टपावर चढले. पॅनेल आरशासारखी लखलखीत. भुशाचा कणही नाही. चेहरा बघून टिकली लावावी इतकी स्वच्छ.

"काय गं, काय बघतेस?" खालून आईंनी विचारलं.

"काही नाही. निरीक्षण."

"धूळ नाही ना?"

"अजिबात नाही."

आईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने आईंकडे पाहिलं आणि दोघं गालात हसली. मला वाटलं, माझ्या कामाचा अभिमान वाटतोय.

बॅटरी कमी होतेय हे मी घरात बोलले नाही. कारण सापडल्याशिवाय निष्कर्ष जाहीर करायचा नाही, ही प्रयोगशाळेची शिस्त. शिवाय भाऊजींच्या कानावर गेलं असतं.

गुरुवारी तेच. सकाळी मी घराबाहेर पाऊल टाकायचा अवकाश, वीस मिनिटांत सूर्य मावळतो! कागदावर हेच दिसत होतं. बॅटरी शंभरावरून एकाहत्तर, एकाहत्तरावरून बेचाळीस. शनिवारी संध्याकाळपर्यंत ती शून्याला टेकणार, फ्रिज बंद पडणार आणि आई विमानात बसून चहा प्यायला जाणार. हा हिशेब मी पाच वेळा केला. पाचही वेळा बरोबर आला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपला हिशेब चुकावा.

जेवणाच्या सुट्टीत पॅनेल विकणाऱ्या दुकानाला फोन लावला.

"मॅडम, पॅनेलवर ऊन पडतंय ना?" तिकडून मुलीने विचारलं.

"मी तुम्हाला माझ्या अंगणातल्या उन्हाचा तासवार तक्ता पाठवू का?"

"नाही, म्हणजे... वर काही झाकलेलं वगैरे नाही ना? आम्हाला विचारावं लागतं."

"बाई, मी शास्त्र शिकलेय," मी अत्यंत थंडपणे म्हटलं. फ्रिजपेक्षा थंड. "पुढचा प्रश्न विचारा."

पुढचा प्रश्न तिच्या यादीत नव्हता. फोन ठेवला.

संध्याकाळी फ्यूजकाकांना बोलावलं. त्यांनी नियंत्रक उघडला, वायरी सोडल्या, पुन्हा जोडल्या. व्हॅनमध्ये पसारा असा, की गोगलगायीचं पोट फाडल्यासारखं वाटत होतं. सगळं ठणठणीत!

मी माझा तर्क मांडला. दिवसा उष्णतेने कुठला तरी सांधा प्रसरण पावतो, संपर्क तुटतो. संध्याकाळी आकुंचन पावतो, संपर्क जुळतो. चार पानं लिहिली होती, आकृत्यांसह.

काकांनी चारही पानं आदराने हातात धरली आणि म्हणाले, "ताई, असेल. पण आजार दिवसाचा आणि आपण तपासतोय संध्याकाळी. उद्या भर दुपारी बघू या ना!"

इतकी सरळ गोष्ट चार पानांत कुठेच नव्हती. शुक्रवारी अर्धी रजा टाकली. घरी कळवलं नाही. कळवायचं सुचलंच नाही.

दुपारी बाराला काका आणि मी फाटकातून आत आलो आणि जागीच थांबलो.

गोगलगायीच्या टपावर माझा नवरा रांगत होता. खाली आई उभ्या. तोंडात चार टाचण्या, हातात दोऱ्याचं रीळ. टपावर पांढरीशुभ्र, जाडजूड, चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलेली एक खोळ पसरलेली. खोळीखाली माझी दोन्ही पॅनेल गाढ झोपलेली!

"तिकडचा कोपरा ताण," टाचण्यांमधून आई सांगत होत्या. "चुणी पडलीय. तिला चुणी चालत नाही."

"आई," मी म्हटलं.

आईंनी दचकून टाचण्या हातात घेतल्या. "अगं बाई! तू कशी आत्ता? सगळी गंमत घालवलीस ना! रविवारी निघताना दाखवणार होतो."

"हे... काय आहे?"

"खोळ! तुझ्या त्या पुठ्ठ्यांच्या मापाने बेतलीय. चौथा नियम नाही का, धूळ बसता कामा नये? भुसा उडतो दिवसा. म्हणून तू गेलीस की हा घालतो आणि तू यायच्या आधी काढतो. तीन दिवसांत कण बसू दिला नाही!"

"पण आई, ऊन..."

"ऊनही लागू देत नाही! अस्तर दुहेरी घातलंय. इतक्या महागामोलाच्या काचा, उन्हाने रंग उडायचा!"

माझ्या मागे धप्पकन आवाज झाला. फ्यूजकाका हत्यारांच्या पेटीवर बसले होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते.

"अरे, तुला तरी कळायला नको?" मी टपाकडे बघून म्हटलं.

"काय कळायला हवं?" टपावरचा माणूस म्हणाला. "मंगळवारी तूच म्हणालीस ना, बॅटरी पूर्ण भरली! टाकी भरली की नळ बंद करतो आपण."

"पण फ्रिज चालू आहे! पंखा चालू आहे! टाकीतून पाणी चाललंय ना!"

"मग कमी होतंय हे सांगायचंस!"

"मी निरीक्षण करत होते!"

"हे बरंय! निरीक्षण तू मनात करायचं आणि आम्हाला इथे टपावर कळायला हवं?"

आईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं, खोळीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हणजे उन्हावरच चालतं ते? आणि मीच..." त्यांनी रीळ पदराखाली घेतलं. "माझ्याच हाताने माझं जाणं राहिलं असतं."

मी शिडी चढले. खोळ हातात घेतली. शिवण पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ. मापात मिलीमीटरचा फरक नाही. एका कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याने एक छोटा सूर्य भरला होता. आमच्या प्रयोगशाळेत कोणी असं काम केलं, तर मी डोळे झाकून सही करीन. डोळे झाकून सही मी कधीच करत नाही.

"आई, तुम्ही नियम पाळलात," मी म्हटलं. "मीच अर्धा लिहिला होता." आणि त्याच लाल शाईने चौथ्या नियमाखाली लिहिलं, 'दिवसा ऊन पडू द्यावे.' इतकं उघड वाक्य मी जन्मात कागदावर लिहिलं नव्हतं.

"आकृती नको का, ताई?" फ्यूजकाकांनी नम्रपणे विचारलं.

बॅटरी तेव्हा चोवीस टक्क्यांवर होती. शुक्रवारचं उरलेलं ऊन आणि शनिवारचं सगळं. आम्ही चौघं अंगणात खुर्च्या टाकून टपाकडे बघत बसलो, तापातल्या लेकराजवळ बसावं तसे. फ्यूजकाका का थांबले होते, कोण जाणे! एक ढग आला. आईंनी त्याला अशी नजर दिली, की तो बाजूने गेला. शुक्रवारी साठ. शनिवारी दुपारी तीनला शंभर!

संध्याकाळी भाऊजी आले, बर्फाचा डबा आणि स्वतःचा थर्मामीटर घेऊन. "वहिनी, राग मानू नका, पण तुमच्या यंत्रावर तुमचाच आकडा मी कसा मानू?"

"अगदी योग्य," मी म्हटलं. त्यांच्या थर्मामीटरच्या मागच्या स्टिकरवर माझीच सही होती, हे मी बोलले नाही.

पाच मिनिटांनी त्यांनी तो बाहेर काढला. चार अंश. झटकला, पुन्हा ठेवला. चार. मग ते मुकाट्याने डबा उचलून गाडीकडे निघाले.

"अरे, चहा तरी घे!" आई म्हणाल्या. "विमानाचा वाचला ना आपला!"

रविवारी गोगलगाय निघाली. आई खिडकीशी पलंगावर आडव्या, पंखा अंगावर, रेडिओ उशाशी. वाटेत दर तासाला विचारायच्या, "किती?" आणि मी म्हणायची, "चार." त्यांचं एकुलतं, वापरातलं इन्सुलिनचं पेन पाळण्यातल्या बाळासारखं फ्रिजच्या मधल्या कप्प्यात होतं. चढावर मागे गाड्यांची रांग लागली, लोकांनी हॉर्न वाजवले. पण माझी मान जी ताठ झाली होती, ती दोन दिवस खाली आली नाही.

मावशी फाटकातच उभ्या होत्या. दोघी बहिणी एकमेकींना धरून इतका वेळ उभ्या राहिल्या, की मी वेळ मोजलाच नाही. मग आईंनी मावशींना हाताला धरून व्हॅनमध्ये आणलं.

"हे बघ! सूर्यावर चालतं. आमच्या सुनेने केलंय. माझं पेन गार राहावं म्हणून!" आणि फ्रिजचं दार असं उघडलं, जणू आत हिरे आहेत.

मावशींनी वाकून पाहिलं. "हे वापरातलं ना गं? मग गार कशाला करतेस? टोचताना झोंबत नाही?"

"झोंबतं की! सहा वर्षं झोंबतंय. मला वाटलं, तसंच असतं."

"छे! नवीन ठेवायची असतात फ्रिजमध्ये. चालू केलेलं बाहेर. हे बघ माझं." मावशींनी पर्स उघडली. रुमाल, चष्मा, बडीशेपेची डबी आणि त्यात निवांत पडलेलं इन्सुलिनचं पेन.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी औषधाच्या खोक्यातला कागद काढला. घडी अजून कोरी होती. 'वापरास सुरुवात केलेले पेन फ्रिजमध्ये ठेवू नये. तीस अंशांच्या आत चार आठवडे टिकते.' आमच्या सगळ्या प्रवासात पारा सव्वीसच्या वर गेला नव्हता. नोंद आहे माझ्याकडे.

चार माहितीपुस्तकं मी शब्दन्‌शब्द वाचली होती. हा एकच कागद राहिला. आणि तो तर अवघा एका पानाचा होता!

"हे बघ," आई सर्वांत आधी सावरल्या आणि माझ्या कानाशी आल्या. "धाकट्याला बोलायचं नाही. कळलं तर पुढच्या वेळी पर्स काखेत मारून मला विमानात बसवेल आणि संध्याकाळी परत आणेल."

तेवढ्यात भाऊजींचाच फोन आला. "वहिनी, पोचलात? फ्रिज?"

"चार अंश," मी म्हटलं. "दोन दिवसांत अर्ध्या अंशाचाही फरक नाही."

"आणि औषध?"

"उत्तम स्थितीत."

"मानलं तुम्हाला!"

मीही ते मानून घेतलं. मी खोटं बोलत नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते.

पेन आईंच्या पर्समध्ये गेलं. फ्रिज मी चारही दिवस चालू ठेवला. आत काहीच नव्हतं. पण नोंदी अगदी निर्दोष आल्या!